चाळीस टक्क्यांचा हिशेब

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर विद्यापीठे आणि महाविद्यालये अवघ्या काही आठवड्यांत पडद्यावर आली, आणि त्या घाईत जे काही चालले त्याला पुढे सरसकट ‘संमिश्र शिक्षण’ म्हणण्याची सवय अनेकांना लागली. वस्तुतः तो आपत्काळात केलेला तात्पुरता उपाय होता; वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर दिले जात होते आणि त्यात मिश्रण असे काहीच नव्हते. संमिश्र शिक्षण म्हणजे एखाद्या विषयाचा काही भाग वर्गात समोरासमोर आणि काही भाग ऑनलाइन माध्यमातून शिकवणे, मात्र हे दोन भाग आधीच आखलेले असतात आणि एकाशिवाय दुसरा पुरा होत नाही अशी त्यांची रचना असते. त्याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी पद्धत म्हणजे ‘हायब्रिड’ वर्ग, ज्यात एकाच वेळी काही विद्यार्थी बाकांवर आणि काही पडद्यापलीकडे बसलेले असतात. पहिल्या पद्धतीत वेळापत्रक बदलते, तर दुसरीत वर्गखोली बदलते. म्हणून धोरण ठरवताना या दोहोंना एकाच कलमात बसवले की पुढचे बरेच गोंधळ तिथूनच सुरू होतात.

भारतातील उच्च शिक्षणापुरते पाहिले तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये जाहीर झाले, आणि विषयाविषयाप्रमाणे संमिश्र अध्यापनाची निरनिराळी परिणामकारक प्रतिमाने शोधावीत असे त्यात सुचवले गेले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाकडून दोन वेगवेगळ्या गोष्टी आल्या, आणि दोन्हींमध्ये ‘४० टक्के’ हा एकच आकडा असल्यामुळे प्राचार्यांच्या बैठकांपासून अभ्यास मंडळांपर्यंत सर्वत्र त्यांची सरमिसळ झाली. पहिली गोष्ट म्हणजे मार्च २०२१ मधील ‘स्वयम्’विषयक विनियम. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सामायिक व्यासपीठ जुलै २०१७ पासून चालू असून त्यावरील प्रत्येक अभ्यासक्रमात चित्रफीत, वाचनसामग्री, चर्चामंच आणि स्वमूल्यमापन असे चार भाग असतात. या विनियमांनुसार एखाद्या पदवीच्या एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम विद्यार्थ्याला ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात, आधीच्या, २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. येथे पूर्ण विषयच बाहेरून येतो, शिकवणारा प्राध्यापक दुसऱ्या संस्थेचा असतो आणि विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाकडे उरते ते श्रेयांक स्वीकारण्याचे काम.

दुसरी गोष्ट म्हणजे मे २०२१ मध्ये आयोगाने सूचनांसाठी प्रसृत केलेली संमिश्र अध्यापनाविषयीची संकल्पना-टिप्पणी. ‘स्वयम्’ वगळता इतर कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला भाग प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याची मुभा संस्थांना असावी, असा तिचा प्रस्ताव होता. येथे विषय महाविद्यालयाचाच आणि प्राध्यापकही महाविद्यालयाचाच असतो. बदलते ते शिकवण्याचे स्थळ आणि वेळ. पहिल्या ४० टक्क्यांत विषयांची संख्या मोजली जाते आणि दुसऱ्या ४० टक्क्यांत एकाच विषयातील तास. शिवाय विनियम बंधनकारक असतो, तर संकल्पना-टिप्पणी म्हणजे विचारार्थ मांडलेला मसुदा. तरीही कित्येक परिपत्रकांची भाषा अशी असते की या दोन्ही सवलती एकमेकींत मिसळून विद्यार्थ्याने निम्म्याहून अधिक शिक्षण घरी बसून घ्यावे असा अर्थ निघावा. तसा अर्थ काढला जाऊ नये एवढी खबरदारी परिपत्रक लिहिणाऱ्याने घेतली तरी पुष्कळ झाले.

तास मोजायचे म्हटल्यावर श्रेयांकाचा हिशेब समजून घेणे भाग पडते. सिद्धान्ताच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन आणि प्रात्यक्षिकात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे काम, हा प्रघात आता सर्वांच्या परिचयाचा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने त्यात आणखी एक माप आणले. वर्षाला १२०० अध्ययन-तास म्हणजे ४० श्रेयांक असे त्याचे सूत्र असल्यामुळे एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याने एकंदर ३० तास अभ्यास करणे अपेक्षित धरले जाते, आणि या ३० तासांत वर्गातील तासांबरोबर घरचे वाचन, गृहपाठ, प्रकल्प आणि परीक्षेची तयारीही येते. म्हणजे तीन श्रेयांकांच्या विषयाला विद्यार्थ्याचे ९० तास लागतात आणि त्यांपैकी ४५ तास अध्यापनाचे असतात. संमिश्र पद्धतीत १८ तास ऑनलाइन न्यायचे असतील तर ते या ४५ मधूनच न्यायला हवेत. व्यवहारात मात्र एखादी ध्वनिचित्रफीत विद्यार्थ्यांच्या गटावर टाकली जाते, विद्यार्थी ती रात्री पाहतो, आणि तोच तास एकदा अध्यापनाच्या रकान्यात व पुन्हा स्वाध्यायाच्या रकान्यात धरला जातो. कागदावर ९० तास भरतात, प्रत्यक्षात ७२ होतात. संमिश्र शिक्षणामुळे दर्जा घसरतो अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा तंत्रज्ञानात नसून या दुहेरी नोंदीत असते.

याला संशोधनाचाही अप्रत्यक्ष आधार सापडतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने १९९६ ते २००८ या काळातील हजाराहून अधिक अभ्यास चाळून त्यांपैकी कसोटीला उतरलेल्यांचा एकत्रित आढावा घेतला, आणि त्याचा सुधारित अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ वर्गातील अध्यापनापेक्षा संमिश्र अध्यापनाचे निष्कर्ष सरासरीने बरे आढळले, हे त्यातले वाक्य जगभरच्या धोरणपत्रांत उद्धृत होते. परंतु त्याच अहवालाने लगेच दिलेला इशारा क्वचितच उद्धृत होतो. संमिश्र गटांतील विद्यार्थ्यांना अनेकदा अभ्यासासाठी जादा वेळ आणि जादा साहित्य मिळाले होते, म्हणून जो फायदा दिसतो तो केवळ माध्यमाचा समजू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अर्थात, जिथे वेळ वाढला तिथे शिक्षण सुधारले. जिथे वेळ वाचवण्यासाठीच ही पद्धत आणली जाते तिथे त्या अहवालाचा दाखला देण्यात अर्थ उरत नाही.

वेळ नेमका कुठे वाढतो आणि कुठे वाचतो हे एका विषयाच्या आखणीवरून पाहता येते. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला सांख्यिकीचा तीन श्रेयांकांचा विषय आहे आणि १५ आठवड्यांच्या सत्रात त्याला आठवड्याला तीन तासिका आहेत, असे धरू. १८ तास ऑनलाइन म्हणजे आठवड्याला साधारण एक तासिका आणि अधूनमधून दुसरी. मध्य, मध्यगा, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक ही गणिते फळ्यावर सोडवताना वर्गात तीन वेगांची मुले असतात. एका तृतीयांशाला ती आधीच समजलेली असतात, काही जण उतरवून घेण्यातच गुंतलेले असतात आणि काही जण दुसऱ्या ओळीलाच थांबलेले असतात. हा भाग बारा-पंधरा मिनिटांच्या चित्रफितींत, थांबवून पुन्हा पाहता येईल अशा रीतीने आणि प्रत्येकीच्या शेवटी चार-पाच उदाहरणे घालून दिला तर विद्यार्थ्याला आपापल्या गतीने जाता येते. त्या बदल्यात वर्गातील तासिकेत लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे दैनंदिन भाव आणि आवक घेऊन बसता येते. सरासरी भाव पुष्कळ वर दिसतो पण मध्यगा खाली का राहते, काही दिवसांचे टोकाचे भाव काढून टाकावेत की ठेवावेत, आवक आणि भाव यांचा सहसंबंध ऋण आला म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे म्हणता येईल का, यावर विद्यार्थी हुज्जत घालू लागले की त्यांना सूत्र येते आणि सूत्राचा उपयोग येत नाही हे शिक्षकाला तिथल्या तिथे कळते. आधी घरी पाहून येणे आणि वर्गात काम करणे या रचनेला उलटवर्ग म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बर्गमन आणि सॅम्स या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तिचा पाठपुरावा केल्यावर ती सर्वपरिचित झाली.

ही आखणी वाचायला सोपी वाटते, पण तिच्यात शिक्षकाच्या कामाचा मोठा भाग दिसेनासा होतो. पंधरा मिनिटांची नेटकी चित्रफीत करायला पंधरा मिनिटे लागत नाहीत. त्यानंतर चर्चामंचावरील शंकांना उत्तरे देणे, दर आठवड्याची उदाहरणे तपासणे आणि कोण मागे पडला आहे ते पाहून त्याला गाठणे ही कामे रोजची होतात. ती करायला मूडलसारखी फुकट मिळणारी अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे साहित्य, स्वाध्याय, गुण आणि नोंदी एका ठिकाणी ठेवणारी आज्ञावली, पुष्कळ महाविद्यालयांनी घेतलेली असते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या अहवालात तिची पानेही जोडलेली असतात, मात्र प्रत्यक्ष कारभार व्हॉट्सॲपच्या गटावर चालतो, आणि तिथे शुभेच्छांच्या गर्दीत तिसऱ्या घटकाचा स्वाध्याय शोधणे हीच एक स्वतंत्र परीक्षा होऊन बसते.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुलनेने सरळ आहे. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पात अनेक प्रयोगांची संगणकीय प्रतिरूपे उपलब्ध आहेत आणि पूर्वतयारीसाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. आम्ल-आम्लारी अनुमापनात ब्यूरेटचे वाचन कसे घ्यावे, दर्शक कोणता घालावा, एका थेंबाने उदासीनबिंदू ओलांडला की काय दिसते हे विद्यार्थी आधी पडद्यावर पाहून आला तर प्रयोगशाळेतील पहिला अर्धा तास वाचतो. पण फिक्या गुलाबी रंगाशी नेमके थांबण्याची हाताची सवय प्रयोगशाळेतच लागते. म्हणून विज्ञान शाखेत ४० टक्क्यांची मुभा प्रात्यक्षिकांना सरसकट लावणे धोक्याचे ठरते, आणि हे ठरवण्याची जागा मंत्रालयात नसून त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळात आहे.

पडद्यावरून शिकवणे ही काही आजची नवलाई नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झाला, आणि त्यासाठी कार्यक्रम निर्माण करणाऱ्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला गेला. कार्यक्रमांत दर्जाची वाण नव्हती. त्यांना महाविद्यालयाच्या वेळापत्रकात जागा नव्हती, त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येत नव्हता आणि ते दाखवणाऱ्या शिक्षकाच्या कार्यभारात त्याची नोंद होत नव्हती, त्यामुळे ते पूरकच राहिले. याउलट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून, पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून, स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके आणि अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे यांची सांगड घातली. ते दूरशिक्षण आहे आणि त्याचे नियमही निराळे आहेत. तरीही विद्यार्थ्याने स्वतः काय वाचायचे आणि माणसाला कशासाठी भेटायचे याची विभागणी मराठीत पहिल्यांदा विचारपूर्वक झाली ती तिथेच. पारंपरिक विद्यापीठांनी संमिश्र शिक्षणाचे आराखडे करताना परदेशी प्रतिमाने धुंडाळण्याआधी ती पुस्तके एकदा चाळून पाहायला हरकत नाही.

साधनांच्या असमानतेविषयी पुष्कळ बोलले जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत ग्रामीण भागातील ४.४ टक्के आणि शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर इंटरनेटची सोय अनुक्रमे १४.९ आणि ४२ टक्के कुटुंबांना होती. त्यानंतर स्वस्त डेटा आणि फोन गावोगाव पोचले, हे खरे; परंतु घरात एक फोन असणे आणि तो संध्याकाळी दोन तास महाविद्यालयीन मुलीच्या हाती असणे यांत फरक आहे, आणि हातातील फोनवर चित्रफीत पाहता आली तरी वीस पानांचा अहवाल टंकित करता येत नाही. म्हणून ठरावीक वेळी थेट हजर राहावे लागणाऱ्या ऑनलाइन तासिकांऐवजी उतरवून घेता येणारे, कमी जागा व्यापणारे साहित्य हे ग्रामीण महाविद्यालयासाठी अधिक न्याय्य असते. अर्धे विद्यार्थी वर्गात आणि अर्धे पडद्यावर ही हायब्रिड रचना मात्र त्याच कारणाने बहुतेक संलग्न महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ब्रायन बीटी यांनी २००५ च्या सुमारास तिचे ‘हायफ्लेक्स’ नावाचे रूप विकसित केले ते पदव्युत्तर वर्गातील नोकरी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना समतुल्य शिक्षण मिळाले पाहिजे ही त्यातली अट पाळायची तर खोलीत चांगला ध्वनिग्राहक, कॅमेरा आणि शिक्षकाशिवाय आणखी एक माणूस लागतो. शंभर-सव्वाशे मुलांच्या पदवी वर्गात ते जमणे कठीण.

उपस्थिती आणि परीक्षा यांकडे वळले की धोरणाची भाषा अधिकच सैल होते. ७५ टक्के उपस्थितीची अट वर्गासाठी लिहिलेली आहे. ऑनलाइन भागात दुवा उघडणे म्हणजे उपस्थिती, की स्वाध्याय देणे म्हणजे उपस्थिती, हे लिहून ठेवले नाही तर दोन विभागांचे प्राध्यापक दोन मापे लावतात आणि परीक्षा अर्जाच्या वेळी तक्रारी येतात. स्वाध्याय दिला तरच तास भरला, हा नियम अधिक खरा आहे, कारण उघडलेल्या पडद्यासमोर विद्यार्थी असतोच असे नाही. परीक्षेच्या बाबतीत २०२० चा अनुभव बोलका आहे. महाराष्ट्राने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली, आयोगाने ६ जुलैच्या सूचनांत त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला निकाल दिला की राज्ये आपत्तीमुळे परीक्षा पुढे ढकलू शकतात व त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागू शकतात, परंतु परीक्षेविना पदवीसाठी उत्तीर्ण करू शकत नाहीत. शिक्षण समवर्ती सूचीत असले तरी उच्च शिक्षणातील दर्जांचे निर्धारण केंद्राकडे असल्यामुळे ही रेषा ओढली गेली. त्यानंतर घाईने झालेल्या बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षांमुळे विद्यार्थ्यांत अशी अपेक्षा रुजली की ऑनलाइन शिकवले तर परीक्षाही ऑनलाइनच हवी; २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा केंद्रांवर घ्यायचे ठरले तेव्हा झालेल्या आंदोलनांत हाच मुद्दा होता. शिकवण्याचे माध्यम आणि तपासण्याचे माध्यम यांचा असा अटळ संबंध नाही. ‘स्वयम्’चे श्रेयांकसुद्धा केंद्रावर जाऊन देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेशिवाय मिळत नाहीत.

राहिला कार्यभार, आणि अंमलबजावणी अडते ती बहुधा इथेच. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला ४० तास, वर्षाला ३० आठवडे असा आहे. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास, आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असणे आवश्यक. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयातील पदे या अध्यापन-तासांवरून मान्य होतात, विभागीय सहसंचालक कार्यालय कार्यभार तपासते, आणि पूर्ण पदाएवढे तास नसतील तर उरलेले तास तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडे जातात, ज्यांना घेतलेल्या तासिकेमागे मानधन मिळते. समजा एखाद्या विभागात आठवड्याला ३२ तासांचा अध्यापन कार्यभार आहे. त्यावर सहायक प्राध्यापकाची दोन पदे उभी राहतात. ४० टक्के भाग ऑनलाइन गेला आणि तो तास कार्यभारात धरला गेला नाही, तर शिल्लक राहतात १९.२ तास, म्हणजे एक पद आणि वर तीन-साडेतीन तासांची तासिका. त्या दुसऱ्या पदावरचा माणूस आधीच तासिका तत्त्वावर असेल तर त्याच्यासाठी ही पद्धत म्हणजे मानधनातली सरळ कपात असते, आणि चित्रफिती करण्याचे काम मात्र बहुधा त्याच्याकडेच येते, कारण संगणकाची सवय विभागात त्यालाच सर्वांत जास्त असते. शिक्षक संघटनांना या योजनेविषयी वाटणारा संशय तंत्रज्ञानद्वेषातून येतो असे म्हणणे म्हणून बरोबर नाही.

यावरचा उपाय तांत्रिक नाही. ऑनलाइन तास वेळापत्रकात दाखवला असेल, त्यासाठी स्वाध्याय दिलेला आणि तपासलेला असेल, तर तो वर्गातील तासाइतकाच अध्यापन कार्यभारात धरावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्याचे तेवढेच मानधन द्यावे, एवढे एक कलम लागते. चित्रफीत दुसऱ्या वर्षी पुन्हा वापरली तर तयारीचे तास धरायचे की नाहीत, हा पुढचा प्रश्न आहे, आणि शंका-निरसन व तपासणी दरवर्षी नव्यानेच करावी लागत असल्यामुळे त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी द्यावे लागेल. विद्यापीठाची विद्या परिषद अभ्यासक्रमातील ४० टक्के मान्य करू शकते, परीक्षेचे नियम बदलू शकते, उपस्थितीची व्याख्याही लिहू शकते. पण हे कलम तिच्या अधिकारात नाही. ते शासन निर्णयातच यावे लागते आणि त्यासाठी उच्च शिक्षण विभागाच्या टिप्पणीवर वित्त विभागाची सहमती लागते.